इलेक्ट्रॉन रेणूत क्षणभर अडकतो तेव्हा: रेझोनन्स आणि कंपनं ओळखण्याची रीत, साध्या लॅपटॉपवर

आधी एक छोटा हिशेब करून बघा. नायट्रोजनचा रेणू इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे ५१,००० पट जड आहे. २.३ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा इलेक्ट्रॉन त्याच्यावर समोरासमोर आदळून उलटा फिरला, तरी धक्क्याने रेणूला मिळणारी ऊर्जा जास्तीत जास्त ०.०००१८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरते. रेणूला कंपनाची एक पायरी चढायला मात्र ०.२८९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. म्हणजे हजार पटींहून जास्त तूट आहे. तरीही प्रयोगात २.३ च्या आसपास नायट्रोजन एक, दोन, तीन, कधी दहा पायऱ्याही चढलेला दिसतो.

ही तूट कुठून भरून निघते, हे शोधणं म्हणजेच हा विषय. इलेक्ट्रॉन आदळून लगेच निघून जात नाही. तो रेणूत काही काळ थांबतो. तेवढ्या काळात तो रेणू ऋण आयन झालेला असतो, त्याचे बंध वेगळ्या ताणाखाली येतात, अणू सरकायला लागतात आणि इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर ते सरकणं मागे कंपन म्हणून उरतं. या तात्पुरत्या थांब्याला आपण रेझोनन्स म्हणतो.

हा लेख रत्नागिरी, सावंतवाडी, महाड, अलिबाग अशा ठिकाणी एमएस्सीला असलेल्या आणि प्रोजेक्टसाठी विषय शोधणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. इलेक्ट्रॉन स्पेक्ट्रोमीटर आपल्याकडच्या कॉलेजात नसतो. त्याला उत्तम निर्वात, चुंबकीय क्षेत्रापासून बचाव आणि वर्षानुवर्षांची जुळवाजुळव लागते. पण मोजलेले आकडे मोफत मिळतात, गणिताची सॉफ्टवेअर मोफत मिळतात आणि त्यातून निष्कर्ष काढायचं काम खऱ्या अर्थाने भौतिकशास्त्राचं आहे. मी मुलांना ज्या क्रमाने हे करायला सांगतो, तोच क्रम इथे देतो.

एक गोष्ट पहिल्यापासून धरून चला. आलेखात उंचवटा दिसला की रेझोनन्स सापडला, असं बहुतेकांना वाटतं. बहुअणू रेणूत तेवढं पुरत नाही. कोणत्या ऊर्जेला, कोणतं कंपन आणि कोणत्या कोनात, या तिन्हींची सांगड बसली तरच रेझोनन्सची ओळख पटली म्हणायचं. यातलं मधलं, म्हणजे कोणतं कंपन उठलं हे, सगळ्यांत बोलकं असतं आणि सगळ्यांत जास्त दुर्लक्ष त्याच्याकडेच होतं.

तयारी: जूनच्या आधी डाउनलोड

आठ जीबी रॅमचा लॅपटॉप चालतो. पायथन, त्यातलं नमपाय आणि मॅटप्लॉटलिब, आणि क्वांटम रसायनशास्त्राच्या गणितासाठी साय-फोर हे मोफत सॉफ्टवेअर टाकून घ्या. आकडे एलएक्सकॅट या खुल्या संग्रहातून घ्या. तिथे फेल्प्स, बियागी, इतिकावा, हयाशी अशा नावांचे वेगवेगळे संच आहेत. एकाच रेणूचे निदान दोन संच उतरवा, कारण पुढे त्यांची तुलना करायची आहे. युकिची इतिकावा यांनी कार्बन डायऑक्साइड (२००२), पाणी (२००५, नायजेल मेसन यांच्यासह) आणि नायट्रोजन (२००६) यांच्या मोजमापांचा आढावा घेऊन शिफारस केलेले आकडे दिले आहेत. सुरुवात तिथूनच करा.

हे सगळं पाऊस सुरू व्हायच्या आत करून ठेवा. जुलैत रेंज जाते, लाइट जाते आणि अर्धवट उतरलेल्या फाइलवर आठवडा वाया जातो. गणितंही लहान लहान तुकड्यांत चालवा, प्रत्येक तुकड्याचं उत्तर लगेच फाइलमध्ये लिहिलं जाईल असं बघा. चार तास सलग चालणारं एकच गणित कोकणातल्या पावसाळ्यात लावू नये.

पहिली पायरी: नायट्रोजनवर हात बसवा

तुमचा रेणू कोणताही असो, पहिला आठवडा नायट्रोजनला द्या. तो बहुअणू नाही, पण या विषयाची बाराखडी त्याच्यावरच घडली. १९६० च्या दशकात जॉर्ज शुल्झ यांनी नायट्रोजनवर संथ इलेक्ट्रॉन सोडून २.३ च्या आसपासची कंपनं मोजली. १९६८ मध्ये हर्झेनबर्ग यांनी त्यातल्या चढउतारांचा अर्थ लावला.

इलेक्ट्रॉन अडकतो कसा, ते इथेच समजून घ्या. नायट्रोजनच्या रिकाम्या पाय-स्टार (π*) कक्षकात शिरणारा इलेक्ट्रॉन दोन एकक कोनीय संवेग घेऊन येतो. त्या संवेगामुळे रेणूभोवती एक अडथळा उभा राहतो: आत खोलगट जागा, बाहेर मोकळं मैदान आणि मध्ये बांध. जयगड किंवा दाभोळच्या खाडीच्या मुखाशी वाळूचा उंचवटा साचतो तसा. भरतीला होडी आत येते आणि पाणी उतरलं की पुढच्या भरतीपर्यंत आतच राहते. फरक एवढाच, की इलेक्ट्रॉनला भरतीची वाट बघावी लागत नाही, तो बांधातूनच आरपार झिरपतो. आत येतानाही आणि बाहेर पडतानाही. बांध जेवढा जाड, तेवढा मुक्काम लांब. अशा अडकण्याला शेप रेझोनन्स म्हणतात.

मुक्काम किती, ते रुंदीवरून काढा. ०.६५८ ला रेझोनन्सच्या रुंदीने (इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये) भागलं की आयुष्य फेम्टोसेकंदात मिळतं. नायट्रोजनची रुंदी समतोल अंतरावर सुमारे ०.४ धरली, तर उत्तर १.६ फेम्टोसेकंद येतं. २.३ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा मोकळा इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे ९ लाख मीटर जातो, म्हणजे ०.३ नॅनोमीटरचा रेणू तो ०.३३ फेम्टोसेकंदात ओलांडेल. तेव्हा थांबा साध्या जाण्याच्या वेळेच्या पाचपट झाला.

आता त्याची कंपनाच्या काळाशी तुलना करा. ३३,३५६ ला तरंगसंख्येने (प्रतिसेंटिमीटर) भागलं की कंपनाचा काळ फेम्टोसेकंदात येतो. नायट्रोजनसाठी २,३३० घेतलं तर १४ फेम्टोसेकंद. म्हणजे १.६ च्या मुक्कामात बंध जेमतेम ताणायला लागतो. पण बंध ताणला की ऋण आयनाची ऊर्जा खाली येते, बांध जास्त परिणामकारक होतो आणि रुंदी घटते. त्यामुळे काही इलेक्ट्रॉन बराच जास्त वेळ आत राहतात. अणू लांब जाऊन एकदा परत येतात आणि जाणारी व येणारी लहर एकमेकांत मिसळते. आलेखातले दात त्यातून येतात. याला बूमरँग प्रतिमान म्हणतात. शेवटची पायरी बदलली, म्हणजे एकऐवजी दोन किंवा तीन पायऱ्यांचा आलेख काढला, की या दातांची जागा सरकते. तुमच्या आलेखात हे सरकणं डोळ्यांनी बघा. ते दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कोनाचा भागही इथेच शिकून घ्या. दोन एकक संवेगाच्या पाय लहरीसाठी विखुरण्याचा आकार असा येतो: १ वजा ३ गुणिले कोज्याचा वर्ग, अधिक १४ भागिले ३ गुणिले कोज्याचा चौथा घात. शून्य अंशाला २.६७, ५५ अंशांच्या जवळ घसरून ०.५२, ९० अंशांना पुन्हा १, मग १२५ ला परत दरी आणि १८० ला २.६७. पायथनमध्ये ही वक्ररेषा चार ओळींत निघते. मोजलेले बिंदू या आकाराजवळ बसले, तर अडकलेला इलेक्ट्रॉन कोणत्या सममितीचा होता हे कोनांनीच सांगितलं.

दुसरी पायरी: रेणूच्या कंपनांची वही

आता बहुअणू रेणू. पहिल्या प्रोजेक्टला कार्बन डायऑक्साइड घ्या, असं माझं ठाम मत आहे. तीनच अणू, सरळ रेणू, तरी या विषयातली बहुतेक गुंतागुंत त्यात आहे.

वहीत त्याची कंपनं लिहा. वाकण्याचं कंपन ६६७ प्रतिसेंटिमीटर, असममित ताणाचं २,३४९. तरंगसंख्येला ८,०६५.५ ने भागलं की इलेक्ट्रॉन-व्होल्ट मिळतात: ०.०८३ आणि ०.२९१. सममित ताणाचं कंपन मात्र एकटं सापडत नाही. त्याची ऊर्जा वाकण्याच्या दोन पायऱ्यांच्या इतकी जवळ येते की दोघं एकमेकांत मिसळतात आणि १,२८५ व १,३८८ अशी जोडी तयार होते. ही फर्मी जोडी. दोघांत अंतर १०३ प्रतिसेंटिमीटर, म्हणजे ०.०१३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. ज्या मोजमापाची ऊर्जा ओळखण्याची ताकद ०.०३ असेल, त्यात ही जोडी एकच दिसणार. म्हणून कोणताही आकडा वापरण्याआधी मूळ मोजमापाची विभेदनक्षमता बघा आणि वहीत लिहून ठेवा.

प्रत्येक कंपनासमोर दोन खुणा करा. एक, त्यात रेणूचा द्विध्रुव बदलतो का? वाकण्यात आणि असममित ताणात बदलतो, सममित ताणात नाही. दोन, ते कंपन रेणूची सममिती तशीच ठेवतं का? फक्त सममित ताण ठेवतो. या दोन खुणांवर पुढचं सगळं उभं आहे.

तापमानही लिहा. कोकणातल्या ३० अंशांच्या दुपारी कार्बन डायऑक्साइडचे सगळे रेणू शांत नसतात. वाकण्याच्या पहिल्या पायरीची ऊर्जा ०.०८३ आणि तापमानाची ऊर्जा ०.०२६. बोल्ट्झमनचा घातांक काढून, वाकणं दोन दिशांना होऊ शकतं म्हणून दुपटीने गुणलं आणि सगळ्या पायऱ्यांच्या बेरजेने भागलं, की सुमारे ७.७ टक्के रेणू आधीच पहिल्या पायरीवर असल्याचं कळतं. असा रेणू इलेक्ट्रॉनला ऊर्जा परतही देऊ शकतो. प्रयोगशाळेतल्या नोंदीत इलेक्ट्रॉन ०.०८३ ने श्रीमंत होऊन निघालेला दिसतो, तो याच रेणूंमुळे.

तिसरी पायरी: द्विध्रुवाची वाट वजा करा

इथे बहुतेक प्रोजेक्ट घसरतात, म्हणून सावकाश करूया.

कंपन उठवायला इलेक्ट्रॉनला दरवेळी आत अडकावंच लागतं असं नाही. लांबून जातानाही त्याचं विद्युत क्षेत्र रेणूच्या बदलत्या द्विध्रुवाला हलवतं, अगदी अवरक्त प्रकाशासारखं. ही वाट सगळ्या ऊर्जांना उघडी असते आणि मुख्यतः पुढच्या लहान कोनांत दिसते. ती किती मोठी आहे, म्हणजे तिचं क्रॉस सेक्शन (घटना घडण्याची शक्यता, क्षेत्रफळात मोजलेली) किती, हे कागदावर काढता येतं. सूत्र शब्दांत असं: आठ पाय (π) भागिले तीन, भागिले येणाऱ्या संवेगाचा वर्ग, गुणिले संक्रमण द्विध्रुवाचा वर्ग, गुणिले संवेगांच्या बेरीज-वजाबाकीच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिदम. सगळं आण्विक एककांत.

असममित ताणासाठी २ इलेक्ट्रॉन-व्होल्टला करून बघू. येणारा संवेग म्हणजे २ भागिले १३.६०६ चं वर्गमूळ, ०.३८३. जाणारी ऊर्जा १.७०९, म्हणून संवेग ०.३५४. बेरीज ०.७३७, वजाबाकी ०.०२९, गुणोत्तर साधारण २५, त्याचा लॉगॅरिदम ३.२. संक्रमण द्विध्रुव सुमारे ०.३२ डेबाय. त्याला २.५४ ने भागून ०.१२६, वर्ग ०.०१५९. आठ पाय भागिले तीन म्हणजे ८.३८, त्याला ०.३८३ च्या वर्गाने, ०.१४७ ने भागून ५७. आता ५७ गुणिले ०.०१५९ गुणिले ३.२ बरोबर २.९. याला ०.२८ ने गुणलं की ०.८ चौरस अँगस्ट्रॉम.

हा आकडा एलएक्सकॅटवरून उतरवलेल्या असममित ताणाच्या आलेखाशेजारी ठेवा. मग हेच गणित पायथनमध्ये ०.३ पासून १० इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत चालवून पूर्ण रेषा काढा. असममित ताणाचा मोजलेला आलेख या रेषेच्या जवळपास चालेल. म्हणजे हे कंपन मुख्यतः लांबच्या वाटेने उठतं, त्यात रेझोनन्सचा हात कमी. सममित ताणासाठी मात्र ही रेषा शून्यच असते. तिथे जे काही क्रॉस सेक्शन दिसेल ते दुसऱ्या वाटेने आलं, हे तिथेच सिद्ध झालं.

एककांची काळजी घ्या. काही संच चौरस मीटरमध्ये देतात, काही दहाचा उणे सोळावा घात चौरस सेंटिमीटरमध्ये. एक चौरस अँगस्ट्रॉम म्हणजे दहाचा उणे विसावा घात चौरस मीटर. आणि आलेख आधी लॉग-लॉग कागदावर काढा. साध्या कागदावर उंबरठ्याजवळचं, म्हणजे कंपन उठायला लागणाऱ्या किमान ऊर्जेजवळचं, सगळं दडपलं जातं.

चौथी पायरी: उरलेलं वाचा

द्विध्रुवाची वाट वजा केल्यावर कार्बन डायऑक्साइडमध्ये दोन प्रदेश उरतात. एक ३.८ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपासचा रुंद डोंगर. दुसरा एक-दोन इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या खाली, उंबरठ्याला चिकटलेला चढ.

डोंगर शेप रेझोनन्सचा आहे. इलेक्ट्रॉन पाय-स्टार कक्षकात अडकतो. यात सममित ताण जोरात उठतो आणि त्याच्या अनेक पायऱ्यांची रांग दिसते. का, ते सममितीवरून सांगता येतं. अडकलेल्या इलेक्ट्रॉनचा ताण ज्या दिशेने अणूंना ओढतो, ती दिशा रेझोनन्सच्या सममितीला मान्य असावी लागते. साधा, एकेरी (एकाच कक्षकाचा) रेझोनन्स असेल तर पहिल्या क्रमाला फक्त सममिती टिकवणारी कंपनं उठतात. वोंग आणि शुल्झ यांनी १९७५ मध्ये बेंझीनवर अशा निवड नियमांचा उपयोग करून दाखवला. नियम वाचायची रीत सोपी आहे: रेझोनन्सच्या सममितीचा स्वतःशीच गुणाकार करा आणि त्यात तुमच्या कंपनाची सममिती सापडते का ते बघा. सापडली तर दार उघडं.

कार्बन डायऑक्साइडचा पाय रेझोनन्स दुहेरी आहे, म्हणजे त्यात सारख्याच ऊर्जेचे दोन कक्षक आहेत. त्याचा स्वतःशी गुणाकार केला तर असममित ताणही सापडत नाही आणि वाकण्याची एक पायरीही नाही. मग वाकणं येतं कुठून? सरळ रेणू वाकला की दुहेरी पातळी फुटते, पण ती वाकण्याच्या वर्गाच्या प्रमाणात फुटते. म्हणून वाकण्याचा धक्का दोन पायऱ्यांच्या रूपाने बसतो. वाकण्याच्या दोन पायऱ्या म्हणजेच फर्मी जोडीतला एक भागीदार. म्हणून रेझोनन्सच्या प्रदेशात ती जोडी एवढी ठळक दिसते. तीन वेगळ्या गोष्टी इथे एकाच ठिकाणी येऊन मिळतात, आणि पहिल्याच प्रोजेक्टला हाच रेणू घ्या असं मी म्हणतो ते यामुळेच.

वाकण्याची एक पायरीही मोजमापात दिसते. रेझोनन्सपासून दूरच्या ऊर्जांना तिचा बराच भाग या लेखाच्या तिसऱ्या पायरीतल्या द्विध्रुवाच्या वाटेचा असतो. ती रेषा आधी काढून ठेवलेली असली की गोंधळ होत नाही.

उंबरठ्याजवळचा चढ वेगळ्या जातीचा आहे. कार्बन डायऑक्साइडला समतोल अवस्थेत द्विध्रुव नाही, तिथे संवेगाचा बांधही नाही, कारण येणारा इलेक्ट्रॉन शून्य कोनीय संवेगाचा असतो. तरी तो रेणूजवळ रेंगाळतो. याला आभासी अवस्था म्हणतात. मायकेल ॲलन यांनी २००१ च्या सुमारास उच्च विभेदनाने मोजून दाखवलं, की या प्रदेशात फर्मी जोडीतला एकच भागीदार निवडून उठतो आणि ३.८ च्या रेझोनन्समध्ये ही निवड टिकत नाही. ऊर्जा नुसती बदलली, तर कंपनांची निवड बदलली. दोन प्रदेश म्हणजे दोन यंत्रणा, हे याहून चांगलं कशाने पटेल?

पाचवी पायरी: स्वतःचं गणित

साय-फोरमध्ये कार्बन डायऑक्साइडचा तटस्थ रेणू मांडा. कार्बन-ऑक्सिजन अंतर १.१६ अँगस्ट्रॉम. हार्ट्री-फॉकचं (प्रत्येक इलेक्ट्रॉनला बाकीच्यांच्या सरासरी क्षेत्रात धरणारं) गणित चालवा आणि रिकाम्या कक्षकांच्या ऊर्जा छापून घ्या.

सरळ ऋण आयनाचं गणित लावू नका. पसरट फलनं असलेला मोठा बेसिस (कक्षक ज्यांतून बांधतात त्या फलनांचा संच) दिला, की गणित सगळ्यांत कमी ऊर्जा शोधत इलेक्ट्रॉनला रेणूपासून दूर नेऊन ठेवतं. उत्तर छान जुळलेलं दिसतं, पण त्यात रेझोनन्स नसतोच. तिथे असतो एक तटस्थ रेणू आणि लांब बसलेला मोकळा इलेक्ट्रॉन.

त्याऐवजी स्थिरीकरणाची रीत वापरा. हाझी आणि टेलर यांनी ती १९७० मध्ये मांडली. सगळ्यांत पसरट पी फलनांच्या घातांकांना एका गुणकाने गुणा. गुणक ०.५ पासून ३ पर्यंत लहान टप्प्यांनी वाढवत न्या. प्रत्येक वेळी पाय सममितीच्या रिकाम्या कक्षकांच्या ऊर्जा नोंदवा. गुणक आडवा आणि ऊर्जा उभी ठेवून आलेख काढला की बहुतेक रेषा गुणकाबरोबर भराभर वर जाताना दिसतील. त्या मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या. एक रेषा जवळपास आडवी राहील आणि चढत्या रेषा तिच्याजवळ येऊन, न छेदता, वळून जातील. ती आडवी रेषा म्हणजे रेझोनन्स. ज्या ठिकाणी रेषा एकमेकींना टाळतात तिथली फट रुंदीचा अंदाज देते.

या गणितातून निघणारी रेझोनन्सची ऊर्जा मोजलेल्यापेक्षा बरीच वर असेल. घाबरू नका. या गणितात येणाऱ्या इलेक्ट्रॉनसमोर रेणूचे इलेक्ट्रॉन बाजूला सरत नाहीत, त्यामुळे आकर्षण कमी पडतं. नायट्रोजनलाही याच पातळीवर २.३ ऐवजी ४ च्या आसपास उत्तर येतं. आधी नायट्रोजन करून किती फरक पडतो ते टिपून ठेवा आणि अहवालात स्पष्ट लिहा. आकडा ओढून-ताणून मोजमापावर बसवू नका.

कंपनांच्या दृष्टीने खरा उपयोग ऊर्जेच्या आकड्याचा नाही, तिच्या उताराचा आहे. आता दोन फेऱ्या करा. पहिलीत दोन्ही बंध एकदम १.१० पासून १.३० अँगस्ट्रॉमपर्यंत ताणा. रेझोनन्सची ऊर्जा सरळ खाली येईल. हा उतार जेवढा तीव्र, तेवढा सममित ताणाला धक्का मोठा. दुसरीत कोन १८० अंशांवरून १० अंशांच्या टप्प्याने १४० पर्यंत आणा. दुहेरी पातळी फुटेल. रेणूच्या प्रतलातला भाग भराभर खाली जाईल, प्रतलाबाहेरचा जवळपास तिथेच राहील. १८० च्या जवळ वक्र सपाट सुरू होतो आणि मग वळतो, हे नीट बघा. चौथ्या पायरीतला "वर्गाच्या प्रमाणात" हा शब्दप्रयोग इथे तुमच्याच आलेखात दिसेल. याच उतारावरून पुढे गेलं तर सुमारे १३५ अंशांना वाकलेला ऋण आयन येतो. तो प्रयोगात मायक्रोसेकंदांपर्यंत टिकलेला सापडला आहे, म्हणजे रेझोनन्सच्या फेम्टोसेकंदांच्या तुलनेत अब्जावधी पट.

वेळ आणि हौस असेल तर पुढचं साधन आर-मॅट्रिक्स. रेणूभोवती एक गोल कल्पायचा, आत सगळे इलेक्ट्रॉन मिळून गणित, बाहेर एकटा इलेक्ट्रॉन. यूकेआरमोल-प्लस हा संच खुला आहे. त्यातून कलांची बेरीज (विखुरलेल्या लहरी किती सरकल्या त्याचं माप) मिळते. रेझोनन्स ओलांडताना ती साधारण पाय (π) एवढी वर चढते. पार्श्वभूमीची रेषा धरून रेझोनन्सचा आकार सांगणारं ब्राइट-विग्नरचं सूत्र बसवलं की जागा आणि रुंदी एकदम निघतात. एमएस्सीच्या एका सत्रात हे झेपेलच असं नाही. पहिल्या पाच महिन्यांत त्याच्या मागे लागू नका.

हे कशाला करायचं, असं घरी विचारलं तर

चिपळूण, कुडाळच्या वर्कशॉपमध्ये ॲक्रिलिक आणि प्लायवूड कापणारं लेझर मशीन बघा. अशी बरीच मशीन कार्बन डायऑक्साइड लेझरची असतात. तो लेझर १९६४ मध्ये बेल प्रयोगशाळेत सी. कुमार एन. पटेल यांनी बनवला. त्यांचा जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंग पुण्याचं. त्या नळीत कार्बन डायऑक्साइडसोबत नायट्रोजन आणि हेलियम असतो. विजेच्या प्रवाहातले इलेक्ट्रॉन नायट्रोजनच्या २.३ च्या रेझोनन्समध्ये अडकून त्याला कंपनात सोडतात. नायट्रोजनची पायरी २,३३० आणि कार्बन डायऑक्साइडच्या असममित ताणाची २,३४९. फरक फक्त १९, म्हणून एका धडकेत ऊर्जा हस्तांतरित होते. तिथून रेणू खाली उतरतो तो फर्मी जोडीवर: वरच्या भागीदारावर उतरला तर सुमारे १०.४ मायक्रोमीटरचा पट्टा, खालच्यावर उतरला तर ९.४ चा. मशीनवर लिहिलेले १०.६ मायक्रोमीटर पहिल्या पट्ट्यातलेच. दुसऱ्या पायरीत तुम्ही वहीत लिहिलेले सगळे आकडे त्या नळीत काम करत असतात.

दुसरं उदाहरण डोक्यावरचं. अलिबागची चुंबकीय वेधशाळा १९०४ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद ठेवते. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याचं काम तिकडे हलवलं गेलं. त्या नोंदींतले रोजचे चढउतार मुख्यतः सुमारे १०० किलोमीटर उंचीवरच्या विद्युत प्रवाहांमुळे येतात. त्याच वरच्या वातावरणात सूर्यप्रकाशाने सुटलेल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचा आलेख काढला, तर २ ते ३ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या दरम्यान दरी दिसते. त्या ऊर्जेचे इलेक्ट्रॉन नायट्रोजनच्या कंपनांत खर्ची पडतात.

सहावी पायरी: अहवालात काय हवं

प्रत्येक कंपनासाठी एक ओळ ठेवा आणि तीत एवढं असू द्या: कंपनाची ऊर्जा, सममिती, द्विध्रुवाच्या वाटेचं तुम्ही काढलेलं क्रॉस सेक्शन, दोन संचांतला मोजलेला आकडा, आणि तुमचा निर्णय की ते मुख्यतः कोणत्या वाटेने उठलं. दोन संच पटत नसतील तर सरासरी काढू नका. एक संच प्रत्यक्ष शलाका प्रयोगातून आणि दुसरा वायूतल्या इलेक्ट्रॉनांच्या वाहण्यावरून उलटं गणित करून आलेला असू शकतो. दुसऱ्या प्रकारात एकेका कंपनाचा वाटा एकमेव ठरत नाही, बेरीज मात्र चांगली ठरते. फरक कुठल्या ऊर्जेला आहे, ते लिहिलं तरी परीक्षकाला तुमचं काम कळतं.

पुढचा रेणू निवडताना घाई नको. इथिलीन सोपा पुढचा टप्पा आहे: १.८ च्या आसपास एकेरी पाय-स्टार रेझोनन्स आणि त्यात १,६२३ चा कार्बन-कार्बन ताण ठळक. निवड नियम इथे स्वच्छ दिसतात. मिथेनमध्ये ७-८ इलेक्ट्रॉन-व्होल्टला खूप रुंद डोंगर आहे. चार कंपनांपैकी दोन ताणाची ०.३६ आणि ०.३७ ला, दोन वाकण्याची ०.१६ आणि ०.१९ ला, म्हणून बऱ्याच मोजमापांत चारच्या ऐवजी दोनच गट मिळतात. पाणी सगळ्यांना हवंसं वाटतं, पण त्याचा कायमचा द्विध्रुव १.८५ डेबाय आहे. त्यामुळे लांबची वाट सगळं झाकून टाकते. दोन्ही ताण ०.४५३ आणि ०.४६६ ला इतके जवळ, की सहसा एकत्रच मोजले जातात, आणि कमी ऊर्जेला नायट्रोजनसारखा सुबक रेझोनन्स नाही. पाणी दुसऱ्या वर्षासाठी ठेवा. इथिलीनसाठी साय-फोरची फाइल कार्बन डायऑक्साइडचीच घ्या, भूमिती बदला, आणि ताणण्याच्या फेरीत कार्बन-कार्बन अंतर १.३४ अँगस्ट्रॉमच्या दोन्ही बाजूंना ०.०२ च्या टप्प्याने हलवा.